अडीचशे शब्दांत ‘मी’ कुठे आहे? ब्रिटनच्या सरकारी नोकरीचा अर्ज

प्रश्न : ताई, मी सांगलीची. आठ वर्षं एका सहकारी बँकेत होते, आधी क्लार्क, मग पासिंग ऑफिसर. मिस्टरांच्या नोकरीमुळे २०२२ पासून आम्ही लेस्टरला आहोत. इथल्या सिव्हिल सर्व्हिसमध्ये ईओ (एक्झिक्युटिव्ह ऑफिसर) ग्रेडच्या, आणि एकदा त्यावरच्या एचईओ (हायर एक्झिक्युटिव्ह ऑफिसर) ग्रेडच्या, जागांसाठी मिळून चार अर्ज केले, चारही पहिल्या चाळणीतच गेले. ‘डिलिव्हरिंग ॲट पेस’ला (वेळेत काम पुरं करणं) सातपैकी ३ गुण, ‘वर्किंग टुगेदर’ला (मिळून काम करणं) ३, एकदा तर २. पुराच्या वेळचं काम लिहिलं होतं, तेही कमी पडलं. इथे भारतातला अनुभव चालत नाही का? की आतली माणसं आधीच ठरलेली असतात? माझं उत्तर सोबत पाठवते आहे.

उत्तर : तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा, अशा अर्जांना गुण देणाऱ्या पॅनेलवर मी बसते तसं वाचलं, आणि खरं सांगते, मीही ३ च दिले असते. दुसऱ्यांदा २०१९ चा पूर आठवत वाचलं, तेव्हा पोटात कालवलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारली. एकोणीस रेघा झाल्या. त्यात ‘मी’ कर्ता असलेलं वाक्य एकच : ‘मी त्या शाखेत कार्यरत होते.’ बाकी सगळीकडे ‘नियोजन करण्यात आले’, ‘आम्ही सर्वांनी मिळून’, ‘ग्राहकांना सहकार्य केले गेले’. तुमचे गुण तिथे गेले आहेत.

आधी तुमच्या दोन शंका मिटवते.

भारतातला अनुभव चालतो. ‘डिलिव्हरिंग ॲट पेस’सारख्या, कामातल्या वागणुकीच्या कसोट्यांना इथे बिहेविअर म्हणतात, आणि उदाहरण कुठल्या देशातलं, पगारी कामातलं की सेवाभावी, याला गुण नसतात. तुम्ही काय केलंत त्याला असतात. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, इथे काम करण्याचा हक्क असलेल्या भारतीय नागरिकाला, ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव नसलेल्या जागांसाठी अर्जही करता येतो. फक्त जाहिरातीत सुरक्षा तपासणीची पातळी बघत जा. ‘एससी’ (सिक्युरिटी चेक) पातळीसाठी साधारणपणे पाच वर्षांचा इथला रहिवास बघतात, आणि तुम्ही आलात २०२२ ला. अशा जागेसाठी तीन रात्री जागून अर्ज लिहिण्याआधी ती ओळ वाचा.

दुसरी शंका वशिल्याची. ती आपल्याकडून आलेल्या प्रत्येकाच्या मनात असते, माझ्याही होती. काही जागा फक्त आतल्या लोकांसाठी असतात, पण जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. बाहेरच्यांसाठी खुली केलेली जागा गुणवत्तेवर, न्याय्य आणि खुल्या स्पर्धेतूनच भरायची, हे २०१० च्या कायद्यात आहे. त्याची मुळं फार जुनी आहेत. ओळखीपाळखीनं नोकऱ्या वाटू नका, परीक्षा घ्या, असं नॉर्थकोट आणि ट्रेव्हेलियन यांनी ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसवरच्या १८५४ च्या अहवालात सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये आयसीएसची (इंडियन सिव्हिल सर्व्हिस) खुली परीक्षा सुरू झाली. आपले चिंतामणराव देशमुख १९१८ साली त्याच परीक्षेत पहिले आले. त्या परीक्षेत तुम्हाला काय येतं ते विचारत. आजच्या अर्जात तुम्ही काय केलंत ते विचारतात. आतल्या उमेदवारांना एक फायदा जरूर आहे : असं उत्तर कसं लिहायचं हे त्यांना ठाऊक असतं. तो फायदा शिकून भरून काढता येतो.

आता चाळणी, म्हणजे सिफ्ट, कशी होते ते समजून घ्या. जवळजवळ सगळ्या चुका ते न समजल्यामुळे होतात.

२०१८ पासून इथे ‘सक्सेस प्रोफाइल्स’ नावाची पद्धत हळूहळू लागू झाली. त्याआधी दहा कॉम्पिटन्सींचा आराखडा होता. आता नऊ बिहेविअर आहेत, आणि प्रत्येक जाहिरातीत त्यातले मोजकेच, बहुधा दोन ते चार, मागतात. प्रत्येकाला २५० शब्द. गुण १ ते ७. तीन म्हणजे मध्यम पुरावा, चार म्हणजे स्वीकारण्याजोगा, सात म्हणजे असामान्य. म्हणजे तुम्ही दारापासून एकच पायरी खाली आहात. मात्र अर्ज फार आले तर चारवालेही बाहेर राहू शकतात, म्हणून लक्ष्य पाचाचं ठेवा. अर्जांचा ढीग असेल तर आधी एकच बिहेविअर वाचतात, ज्याला लीड बिहेविअर म्हणतात. ते कोणतं हे जाहिरातीत दिलेलं असतं. तुमचं सगळ्यात दमदार उदाहरण तिथेच गेलं पाहिजे. तुमच्या तिसऱ्या अर्जात लीड होतं ‘वर्किंग टुगेदर’, आणि पुराचं उदाहरण तुम्ही दुसरीकडे खर्च केलं होतं.

वाचणाऱ्यासमोर तुमचं नाव नसतं, कॉलेज नसतं, वय नसतं. समोर असतात फक्त ते शब्द. लिहिलेलं नसेल त्याला गुण देण्याची मुभा मला नाही. ‘ही बाई कष्टाळू दिसते, हिनंच केलं असणार’ असं मनात येतं, अनेकदा येतं. पण शेजारी दुसरी व्यक्ती स्वतंत्रपणे गुण देत असते, आणि नंतर मला विचारते, ‘हे कुठल्या वाक्यात दिसलं?’ वाक्य दाखवता आलं नाही तर गुण खाली येतात. मराठी माणसांचे असे अर्ज माझ्या हातून खाली गेले आहेत. नाव झाकलेलं असलं तरी ‘कोऑपरेटिव्ह’, ‘तालुका’, ‘ग्रामपंचायत’ हे शब्द दिसले की कळतं, आणि त्या रात्री नीट झोप लागत नाही.

आपल्या हाडीमाशी खिळलेल्या दोन सवयी इथे आड येतात.

एक घरातली. ‘मी-मी करू नये’ हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. स्वतःचं कौतुक स्वतः सांगणारा माणूस आपल्याला खटकतो. म्हणून मी केलेल्या कामालाही ‘आम्ही केलं’ म्हणतो, आणि त्यात खरा सभ्यपणा असतो. ती सवय सोडा असं मी सांगत नाही. मंडळात, घरात, मैत्रिणींत ती असूच दे. पण अर्जातला ‘मी’ बढाईचा नसतो, तो साक्षीचा असतो. कोर्टात साक्षीदाराला ‘तुम्ही काय पाहिलंत’ विचारलं तर तो ‘पाहण्यात आले’ म्हणत नाही.

दुसरी सवय कचेरीतली. आपली सरकारी आणि बँकेची मराठी कर्ता गाळून चालते. ‘सदर प्रकरणी कार्यवाही करण्यात आली आहे.’ कोणी केली? टिपणी लिहिणाऱ्याला ते सांगायचंच नसतं, कारण उद्या चौकशी झाली तर नाव नको. आठ वर्षं तेच वाचून, तेच लिहून आपला हात तसा वळतो, आणि आपण इंग्रजीत लिहितानाही तीच वाक्यं उतरतात. इथल्या भरतीत बरोबर उलटं हवं असतं. निर्णय कोणाचा, फोन कोणी केला, कागद कोणी तपासला, हेच तर विचारलेलं आहे.

तुमच्या उत्तराची सुरुवात अशी होती, मराठीत सांगते : ‘ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा नदीला महापूर आला. सांगली शहर व परिसरात अतोनात नुकसान झाले. हजारो लोक बेघर झाले. अशा कठीण परिस्थितीत आमच्या बँकेने सामाजिक बांधिलकी जपत ग्राहकांना सेवा देण्याचे ठरविले. सर्व कर्मचाऱ्यांनी दिवसरात्र मेहनत घेतली. तात्पुरत्या काउंटरची व्यवस्था करण्यात आली. ग्राहकांनी समाधान व्यक्त केले व वरिष्ठांनी कौतुक केले.’

यातली पहिली तीन वाक्यं नुसती पुराबद्दल आहेत. पुरावर गुण नाहीत. हे कठोर वाटेल, पण परिस्थिती कितीही भीषण असो, तिला दोन वाक्यं पुरतात. इथे सगळे ज्या ‘स्टार’ पद्धतीचं नाव घेतात, ती परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम अशी चार भागांची असली तरी ते चार सारखे तुकडे नाहीत. पहिल्या दोनांना मिळून पन्नास-साठ शब्द, परिणामाला चाळीस, उरलेले सगळे कृतीला. कृतीच्या भागात वाचणाऱ्याला तुमचं डोकं चालताना दिसलं पाहिजे.

काल फोनवर मी तुम्हाला फक्त प्रश्न विचारत गेले. शाखाधिकारी कुठे होते? पासबुकं वाहून गेली तर माणूस ओळखला कसा? परवानगी कोणाकडून घेतलीत? काय बिघडलं? आणि तुम्ही पाच मिनिटांत ते सगळं सांगितलंत, जे अर्जात कुठेच नव्हतं. तुम्ही बोललात त्यावरून मी हे जुळवलं आहे :

‘ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी शिरल्यानं आमची बँकशाखा बंद पडली. शाखाधिकारी दुसऱ्या गावात अडकले होते, म्हणून दोन सहकाऱ्यांची आणि कामाची जबाबदारी माझ्यावर आली. निवारा केंद्रांत राहणाऱ्या खातेदारांना, आधी पेन्शनरांना, दोन दिवसांच्या आत रोख पैसे मिळू लागले पाहिजेत, असं मी ठरवलं.

‘जागा नव्हती, आणि बहुतेकांची पासबुकं व ओळखपत्रं वाहून गेली होती. एका मंगल कार्यालयात तात्पुरता काउंटर उघडण्याची परवानगी मी मुख्य कार्यालयाकडून फोनवर घेतली. ओळख पटवण्यासाठी मी सुचवलं की संगणकातला फोटो आणि सही मुख्य कार्यालयातून पडताळावी, आणि त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या दुसऱ्या खातेदाराची सही घ्यावी. हे नियमात बसतं का, याचं लेखी उत्तर तपासणी विभागाकडून येईपर्यंत मी एकही व्यवहार केला नाही. एका सहकाऱ्याकडे मी रांग आणि यादी दिली, दुसरीकडे रोकड, आणि पडताळणी स्वतःकडे ठेवली. पहिल्या दुपारी रांग तुंबली, कारण पडताळणीला एकच फोन होता. मी दुसऱ्या फोनची सोय केली आणि वृद्धांसाठी सकाळची वेळ वेगळी काढली. रोकड सांभाळणाऱ्या सहकारी बाईंचं स्वतःचं घर पाण्यात होतं. त्यांना मी अर्धाच दिवस बोलावलं आणि दुपारनंतरची रोकड स्वतः घेतली.

‘दुसऱ्या दिवशी काउंटर सुरू झाला. सहा दिवसांत ४१२ खातेदारांना पैसे मिळाले आणि रोज संध्याकाळी कॅश टॅली झाली. मुख्य कार्यालयानं हीच पद्धत आणखी दोन शाखांत वापरली.’

मराठीत हे दोनशे शब्दांच्या आत आहे. इंग्रजीत गेलं की शब्द वाढतात, कारण आपला ‘शाखेतल्या’ हा एक शब्द तिकडे तीन होतो. म्हणून मराठी मसुदा एकशे ऐंशी-नव्वदच्या आसपास ठेवा.

आता यातलं कोणतं वाक्य कशासाठी आहे ते बघा. प्रत्येक बिहेविअरचं वर्णन ग्रेडनुसार वेगळं असतं आणि ते कोणालाही वाचता येतं. ईओसाठी ‘डिलिव्हरिंग ॲट पेस’मध्ये नुसता वेग मागत नाहीत. नियम पाळून काम पुरं करणं, अडथळा लवकर ओळखणं, कामं स्पष्ट वाटून देणं, सहकाऱ्याच्या गरजा लक्षात घेणं आणि अडचण आली तरी नेटानं पुढे जाणं, असं सगळं त्यात येतं. तपासणी विभागाच्या लेखी उत्तराची वाट पाहिली, ते वाक्य नियमांचं. तुंबलेली रांग म्हणजे अडथळा आणि त्यावरचा उपाय. अर्ध्या दिवसाची सवलत सहकाऱ्याच्या गरजेची. मी वर्णनातला एकही शब्द उचललेला नाही, आणि तुम्हीही उचलू नका. ‘मी सातत्यानं कामाच्या ताणाचं मूल्यमापन केलं’ असं वाचलं की कळतं, हे संकेतस्थळावरून आलं आहे. त्याला पुरावा म्हणत नाहीत.

तुंबलेल्या रांगेबद्दल तुम्ही फोनवर म्हणालात, ‘ते लिहू का? आपलीच चूक दिसेल.’ जरूर लिहा. काहीच बिघडलं नाही अशी गोष्ट मला खरी वाटत नाही, आणि बिघडल्यावर माणूस काय करतो हेच मला बघायचं असतं.

‘कौतुक केले’ हा परिणाम नव्हे. कौतुक झालं असेल, पण मोजता येत नाही. ४१२ मोजता येतात. तुमच्याकडे आकडा नसेल तर बदल सांगा : आधी काय व्हायचं, नंतर काय होऊ लागलं. आणि जो आकडा आठवत नाही तो रचू नका. मुलाखतीत त्याच आकड्यावर बोट ठेवून ‘हे कसं मोजलंत?’ असं विचारतात, आणि सचोटी हे सिव्हिल सर्व्हिसच्या संहितेतलं पहिलं मूल्य आहे.

ग्रेड वाचायला विसरू नका. तुम्ही एकदा एचईओच्या जागेसाठी हेच उत्तर पाठवलं होतं. तिथे पल्ला मोठा हवा असतो, म्हणजे आपल्या टेबलापलीकडच्या लोकांना सोबत घेणं, पद्धतच बदलणं. हे उदाहरण ताणून तिथे नेता येईल, पण मग शेवटचं वाक्य, दोन शाखांत पद्धत गेल्याचं, मधोमध आणावं लागेल : ती तिकडे कोणी पटवून दिली, कोणाचा विरोध होता.

‘वर्किंग टुगेदर’चं तुमचं उत्तर मला जास्त खुपलं. ‘मी सर्वांशी मिळूनमिसळून वागते’ हे स्वभाववर्णन झालं. स्थळ दाखवताना ते शोभतं. सहकार्याचा पुरावा जिथे सहकार्य अवघड होतं तिथेच सापडतो. तुम्ही जाता जाता लेस्टरमधल्या मंडळाच्या गणपतीचं बोललात : जुने सभासद म्हणत होते की महाप्रसाद घरूनच करून आणायचा, तरुण मंडळी म्हणत होती बाहेरून मागवू, आणि शेवटी सभागृहवाल्यांच्या अन्नसुरक्षेच्या अटीवरून दोन्ही गट रुसले. तुम्ही दोघांशी वेगवेगळं बोललात, अटींचा कागद मराठीत करून दिलात, आणि पुरण घरचं, बाकी बाहेरचं असा तोडगा काढलात. हे सोनं आहे. पॅनेलला गणपती माहीत असण्याची गरज नाही. ‘दोनशे जणांचा सामुदायिक उत्सव’ एवढं पुरे. मुख्य म्हणजे ज्यांच्याशी तुमचं पटत नव्हतं त्यांचं म्हणणं तुम्ही कसं ऐकलंत आणि त्यामुळे तुमचं स्वतःचं मत कुठे बदललं, ते लिहा. असं वाक्य अर्जात फार क्वचित सापडतं, आणि सापडलं की माझा हात आपोआप पाचाकडे जातो.

एकच उदाहरण एका अर्जात दोनदा वापरू नका. शब्दमर्यादा वाया जाते आणि माणसाकडे एकच गोष्ट आहे असं वाटतं. वही करा, सात-आठ प्रसंग लिहून ठेवा आणि प्रत्येकासमोर तो कुठल्या दोन-तीन बिहेविअरला चालेल ते टिपा. प्रसंग सुचत नसेल तर बहिणीला फोन लावा आणि ‘त्या दिवशी काय झालं माहितीये’ अशी सुरुवात करून फोन रेकॉर्ड करा, अर्थात तिला सांगून. बोलताना आपण कर्ता गाळत नाही. मग ते ऐकून मराठीत उतरवा आणि शेवटी इंग्रजी करा.

इंग्रजी करताना आपली भारतीय इंग्रजी तपासा. ‘लाख’ इथे कळत नाही, एक लाख म्हणजे शंभर हजार असं लिहा. ‘डू द नीडफुल’, ‘इंटिमेट केलं’, ‘पासिंग ऑफिसर’ यांचा अर्थ लागत नाही. पासिंग ऑफिसरऐवजी ‘व्यवहार तपासून मंजूर करण्याचा अधिकार माझ्याकडे होता’ असं लिहा. उलट त्यानं वजनच वाढतं. लघुरूपं सगळी फोडा.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. बहुतेक जाहिरातींत आता लिहिलेलं असतं की मदत घ्यायला हरकत नाही, पण उदाहरण खरं आणि तुमच्याच अनुभवातलं हवं. दुसऱ्याचं किंवा यंत्रानं रचलेलं स्वतःचं म्हणून दिलंत तर अर्ज बाद होऊ शकतो. व्याकरण तपासून घ्या. तुंबलेली रांग यंत्राला माहीत नाही, ती तुम्हालाच माहीत आहे.

चाळणी पार झाली की मुलाखतीत बहुधा याच बिहेविअरवर तोंडी विचारतील. अर्जातलंच उदाहरण चालतं का, हे बोलावण्याच्या पत्रात दिलेलं असतं. नसेल तर ईमेल करून विचारा, त्यात कमीपणा नाही. उत्तर पाठ करू नका. पाठ केलेल्या माणसाला मधेच एक प्रश्न विचारला की तो पुन्हा पहिल्या वाक्यावर जातो.

परवाचा नवा अर्ज भरताना एक करा. जाहिरात बंद झाली की ती संकेतस्थळावरून दिसेनाशी होते, आणि मुलाखतीला बोलावतील तेव्हा बिहेविअरची यादी हातात नसते. आजच तिची पूर्ण प्रत जतन करून ठेवा. मुदत बहुधा रात्री ११ वाजून ५५ मिनिटांची असते, बाराची नव्हे. ‘वर्किंग टुगेदर’चा नवा मसुदा गुरुवारपर्यंत मला मराठीतच पाठवा. मी पुन्हा क्रियापदांखाली रेघा मारून परत पाठवते.